कागद, तेल आणि डीसी

चंद्रपूरहून पडघ्याला जाणाऱ्या विजेच्या लाइनीच्या टॉवरवर तीन फेज दिसत नाहीत. दोन बाजूंना तारांचे दोनच जुडगे असतात, एक अधिक पाचशे केव्हीचा आणि दुसरा उणे पाचशे केव्हीचा. विदर्भातल्या कोळशावर तयार झालेली १५०० मेगावॉटपर्यंत वीज या लाइनीवरून ७५० किलोमीटरच्या वर प्रवास करून भिवंडी तालुक्यात पोचते, आणि सगळा प्रवास डीसीत होतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली तेव्हा राज्य वीज मंडळातल्या आम्हा चाचणीवाल्यांना पहिलीपासून शिकावं लागलं. मी शहाद्याचा. ही लाइन आमच्या खानदेशापासून खूप दक्षिणेला राहते. तरीही तिच्या पोटात जो प्रश्न होता तो शहाद्याच्या बाजारपेठेत मी लहानपणीच पाहिला होता.

तापी आणि गोमाईच्या काठावरचा ऊस, केळी, पपई पंपाच्या पाण्यावर वाढली. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकाराने पुरुषोत्तमनगरला सातपुडा साखर कारखाना उभा राहिला, तापीवर सहकारी उपसा सिंचन योजना झाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ गावात मोटार रिवायंडिंगचा धंदा रुजला. या दुकानांतला कारागीर जळालेली मोटार उघडतो, जुनी तार छिन्नीने तोडून ओढून काढतो, स्लॉट घासून साफ करतो. मग स्लॉटमध्ये इन्सुलेशनचा कागद घडी घालून बसवायचा, इनॅमलच्या तारेची कॉइल फॉर्म्यावर गुंडाळायची आणि तिचं एकेक वेटोळं बोटांनी आत सरकवायचं. वरून पाचर ठोकायची, टोकं दोऱ्याने बांधायची, वार्निश ओतायचं आणि पेटीत बल्ब लावून मोटार सुकवायची. आमच्या ओळखीचे एक दादा हे काम करत. वार्निश ओतताना त्यांनी कधी घाई केली नाही. ‘आत हवा राहिली की मोटार परत आलीच समज,’ असं ते मला सांगत.

वार्निशात राहिलेली हवा काय करते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. एसी दाब इन्सुलेशनवर पडला की तो आतल्या पदार्थांमध्ये सारखा वाटला जात नाही. ज्याचा परावैद्युतांक कमी त्याच्यावर ताण जास्त. हवेचा १, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा सुमारे २.२, तेल मुरलेल्या प्रेसबोर्डचा सुमारे ४.४. म्हणजे बोर्डात अडकलेल्या बुडबुड्यावर बोर्डाच्या चौपट ताण येऊ शकतो, आणि सोसायची ताकद मात्र हवेची सगळ्यांत कमी, साध्या दाबाला मिलिमीटरमागे साधारण ३ केव्ही. बुडबुड्यात ठिणगी पडते. ती एका धातूपासून दुसऱ्या धातूपर्यंत पोचत नाही, मधल्या पोकळीपुरतीच राहते, म्हणून फ्यूज उडत नाही, रिले चालत नाही, काही कळतच नाही. हीच पार्शल डिस्चार्ज, म्हणजे विजेचं अर्धवट विसर्जन. आम्ही पीडी म्हणायचो. लाकडात वाळवी लागावी तशी ती आतून खात राहते. ठिणगीची उष्णता, ओझोन, वेगाने आदळणारे इलेक्ट्रॉन यांनी पोकळीची भिंत जळत जाते, झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा पुढे सरकतात, आणि एखाद्या दिवशी उरलेलं इन्सुलेशन एका क्षणात फुटतं. लोक त्या दिवसाला बिघाडाची तारीख म्हणतात. खरी सुरुवात कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं आधी झालेली असते.

हा शोध जुना आहे. १७७७ मध्ये जर्मनीत गॉटिंगनला लिख्टेनबर्गने राळेच्या थाळीवर विजेचा भार सोडून वर बारीक भुकटी भुरभुरली, तेव्हा भुकटीत ताऱ्यांसारख्या नक्षी उमटल्या. त्या इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरच्या विसर्जनाच्या खुणा होत्या. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते, ती म्हणजे इन्सुलेशनवर नोंदवलेली ही सुरुवातीची विसर्जनं स्थिर विजेची होती, आजच्या भाषेत डीसीची. पण पुढे कारखाने आणि शहरं एसीवर चालली आणि शास्त्रही एसीच्या मागे गेलं. १९३२ मध्ये गेमांट आणि फिलिपॉफ यांनी पोकळी आणि तिच्याभोवतीचं इन्सुलेशन यांची मांडणी कपॅसिटरांची करून दाखवली. तीच मांडणी आजही अभियांत्रिकीच्या पोरांना फळ्यावर काढून शिकवतात. १९६४ मध्ये क्रॉयगर या डच अभियंत्याचं विसर्जन ओळखण्यावरचं पुस्तक आलं, १९६८ मध्ये पीडी कशी मोजायची याचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं. मोजमापाचं एकक पिकोकूलोम, म्हणजे एका कूलोमचा एक लाख कोटीवा भाग.

आपल्याकडे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक केंद्र आलं, १३२ केव्हीच्या लाइनी, मग २२०, मग ४०० केव्ही. उपकेंद्रं वाढली तसे चाचणी विभाग वाढले. मी धुळ्याला डिप्लोमा करून त्यात शिरलो तेव्हा आमची हत्यारं मोजकी होती. हाताने फिरवायचा मेगर, टॅन डेल्टाचा ब्रिज, आणि तेल तपासायची पेटी. तेलाची तपासणी मला फार आवडे. काचेच्या भांड्यात दोन गोलाकार इलेक्ट्रोड, मधलं अंतर बरोबर अडीच मिलिमीटर, गेजने तपासलेलं. तेल भांड्याच्या कडेने हळूच ओतायचं, बुडबुडा होऊ द्यायचा नाही, झाला तर तो निघून जाईपर्यंत थांबायचं. मग दाब चढवत न्यायचा. आधी काही नाही, मग मधल्या फटीत तेल किंचित थरथरल्यासारखं दिसतं, एखादा तंतू असेल तर तो दोन गोलांच्या मध्ये येऊन उभा राहतो, आणि टक्कन ठिणगी. आकडा लिहायचा, तेल हलवायचं, थांबायचं, पुन्हा. सहा आकड्यांची सरासरी. पावसाळ्यानंतर एखाद्या डीपीचं तेल आणलं की पहिल्याच आकड्यात ओलावा कळायचा.

हे सगळं आम्ही रजिस्टरात लिहीत असू. लांबट, जाड पुठ्ठ्याची रजिस्टरं, प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला स्वतंत्र पानं, तारीख, तेलाचं तापमान, हवामान, आकडे, सही. एकाच ट्रान्सफॉर्मरचे वीस वर्षांचे आकडे एकाखाली एक वाचले की तो म्हातारा होताना दिसतो. एका कार्यालयात जागा करायची म्हणून असा एक कपाटभर इतिहास रद्दीत गेला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. धरणांची आणि वीज केंद्रांची उद्घाटनं दगडावर कोरली जातात. त्यांच्या पोटातला कागद कसा टिकला हे फक्त या रजिस्टरांत होतं.

पीडी मोजायचं यंत्र मी प्रथम पाहिलं तेव्हा त्याच्या पडद्यावर हिरवी लंबवर्तुळाकार रेघ होती. एसीचा एक पूर्ण फेरा म्हणजे त्या रेघेवरची एक प्रदक्षिणा. कुठे ठिणगी पडली की रेघेवर उभा काटा उगवायचा. वाचायची ती काट्यांची जागा. दाब चढत असतानाच्या भागात, दोन्ही बाजूंना सारखेच काटे असतील तर पोकळी इन्सुलेशनच्या मध्यात आहे. एका बाजूला मोठे थोडे आणि दुसऱ्या बाजूला बारीक पुष्कळ असतील तर पोकळी धातूला चिकटून आहे. ऋण शिखरावर एकाच उंचीचे काटे दाटीने उभे राहिले तर ते आतलं काही नाही, बाहेर कुठल्या तरी टोकावरचा कोरोना आहे, टोक शोधून गुळगुळीत करा. सेकंदाला पन्नास फेरे, त्यामुळे पडदा सतत बोलत असायचा. जुन्या मानकांप्रमाणे मोठ्या ट्रान्सफॉर्मरला ५०० पिकोकूलोमची मर्यादा असे. आमच्यातले जाणते लोक तर आकड्याच्या आधी काट्यांची चाल बघून सांगायचे की तेलातला बुडबुडा आहे, तासाभराने जाईल, की बोर्डातला दोष आहे, उघडावं लागेल.

आणि मग डीसी आली.

तसं मुंबईला डीसी नवी नव्हती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि हार्बरवरचा शेवटचा डीसी तुकडा एसी व्हायला २०१६ उजाडलं. पण पंधराशे व्होल्टला पीडीची चिंता कोण करणार. उच्च दाबाची डीसी व्यापारी कामाला लागली १९५४ मध्ये, स्वीडनच्या मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत. १०० केव्ही, २० मेगावॉट, समुद्राच्या तळाशी सुमारे १०० किलोमीटर केबल. भारतात १९८९ मध्ये विंध्याचलला दोन ग्रिड डीसीने जोडले गेले, मग रिहंद ते दादरी लाइन झाली, आणि मग आपली चंद्रपूर–पडघा, जिचं काम एबीबी आणि भेल यांनी केलं. लांब पल्ल्याला डीसीचा फायदा उघड आहे. तारा कमी, टॉवर सडपातळ, आणि वीज किती न्यायची हे हातात राहतं.

अवघड जागा दोन टोकांना आहे, कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरमध्ये. त्याची एक बाजू साध्या ४०० केव्ही एसी ग्रिडला, दुसरी थायरिस्टरांच्या व्हॉल्व्हला. व्हॉल्व्हकडचं वाइंडिंग एसीच देतं, पण ते स्वतः जमिनीपासून डीसी दाबावर उचललेलं असतं. पाचशे केव्हीच्या पोलमध्ये दोन ब्रिज एकावर एक जोडलेले असतात. खालच्या ब्रिजच्या वाइंडिंगवर सरासरी १२५ केव्ही डीसी बसते, वरच्यावर ३७५ केव्ही. त्या डीसीवर स्वार झालेली एसी, आणि व्हॉल्व्ह चालू-बंद होताना उठणारे हार्मोनिक. कागद तोच, तेल तेच, पण सोसायचं वेगळंच.

डीसीत ताणाची वाटणी परावैद्युतांकाने होत नाही, विद्युतरोधाने होते. प्रेसबोर्डाचा रोध तेलाच्या दहापट, कधी शंभरपट. त्यामुळे एसीत जो ताण तेल घेत होतं तो डीसीत जवळजवळ सगळा बोर्ड घेतो. शिवाय रोध तापमानाने बदलतो, ओलाव्याने बदलतो, तेल जुनं झालं की बदलतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर गार असताना ताण एका जागी आणि भर दुपारी, पूर्ण लोडवर, दुसऱ्या जागी. दाब चालू केल्याबरोबर वाटणी एसीसारखी असते आणि मग तासाभराने सरकत सरकत डीसीची होते. ध्रुवता उलटली तर बोर्डावर साठलेला भार लगेच जात नाही, तो नव्या दाबात मिळतो आणि मधल्या तेलाच्या फटीवर अचानक जास्त ताण येतो. एसीवर आयुष्य काढलेल्या माणसाला यातली प्रत्येक गोष्ट उलटी वाटते.

पीडीही उलटी वागते. एसीत दाब दर अर्ध्या फेऱ्यात दिशा बदलतो, म्हणून पोकळी पुन्हा पुन्हा पेटते, सेकंदाला शंभरावर वेळा. डीसीत एक ठिणगी पडली की पोकळीच्या भिंतींवर भार बसतो आणि आतला ताण उतरतो. तो पुन्हा चढायला बोर्डातून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह लागतो. त्याला काही सेकंद लागतील, काही मिनिटं लागतील. शुद्ध डीसीवर तोच दोष एकदा बोलतो आणि गप्प बसतो. त्यावर एसी चढली की तो पुन्हा वरचेवर बोलू लागतो, पण डीसीने भिंतींवर टाकलेला भार एका बाजूला झुकलेला असतो, त्यामुळे काटे फेऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखे येत नाहीत. ज्या समतोलावरून आम्ही दोषाची जागा सांगत होतो, तोच मोडतो. दोष तोच असूनही एसीची सवय लागलेल्या डोळ्याला तो दुसराच वाटतो.

एका कारखान्याच्या चाचणीगृहात मला कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरची डीसी चाचणी बघायला मिळाली. मोठी पत्र्याची इमारत, क्रेन एका टोकाला नेऊन थांबवलेली, शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग बंद, कारण दूरची ठिणगीसुद्धा यंत्र मोजून टाकतं. ट्रान्सफॉर्मर दोन मजली घराएवढा, बुशिंगा तिरप्या वर गेलेल्या. कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट डीसी चढवली आणि घड्याळ लावलं. मानक सांगतं, दोन तास. एसीच्या चाचणीत आम्ही पडद्याकडे बघायचो, इथे मोजणीच्या आकड्याकडे बघत बसायचं. पहिल्या काही मिनिटांत पंचवीस-तीस विसर्जनं आली, तीही मोठी. माझ्या पोटात गोळा आला, पण तिथले अभियंते शांत होते. ताणाची वाटणी सरकतेय, तेलातले कण आणि भार आपापल्या जागी बसताहेत, येऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. हळूहळू दोन विसर्जनांमधलं अंतर वाढत गेलं. खरा निकाल शेवटच्या अर्ध्या तासात. २००० पिकोकूलोमच्या वर तीस विसर्जनं चालतात, आणि त्यातही अगदी शेवटच्या दहा मिनिटांत दहाच्या वर चालत नाहीत. एसीला पाचशे म्हणजे खूप मानणाऱ्या आम्हाला दोन हजारची मुभा ऐकून धक्का बसला. पण एसीत एकच दोष सेकंदाला शंभर वेळा खातो आणि इथे मिनिटाला एकदा, तेव्हा हिशोब वेगळा हवाच. त्यानंतर ध्रुवता उलटायची चाचणी झाली: दीड तास ऋण, दीड तास धन, पुन्हा पाऊण तास ऋण. उलटताना काही मोजक्या क्षणांत भराभर आकडे पडले आणि मग पुन्हा शांतता.

मला तिथे खरा फरक कळला तो माणसांचा. एसीच्या चाचणीगृहात हुशार माणूस तो, जो झटकन ओळखतो. इथे हुशार तो, जो कळूनही बोलत नाही, शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत थांबतो. ही शिस्त आमच्या पिढीने चाळिशी उलटल्यावर अंगात बाणवली, आणि ती कुठल्याही शासकीय इतिहासात लिहिलेली नाही.

याच काळात डीसीबद्दल आमचा आणखी एक समज मोडला. कागदाच्या जुन्या शिसे-वेष्टित केबली टाकल्या की डीसीने दाबून बघायची पद्धत होती. मोठ्या केबलीला एसीचा चार्जिंग प्रवाह फार लागतो, डीसीला किरकोळ, म्हणून टेंपोत मावेल एवढा डीसी संच पुरायचा. मग पॉलिथिनच्या इन्सुलेशनच्या एक्सएलपीई केबली आल्या आणि आपण त्यांनाही तेच केलं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवलं की जुन्या, ओलावा शिरलेल्या एक्सएलपीईला डीसीने दाबलं तर भार पॉलिथिनमध्ये अडकून राहतो, आणि पुन्हा एसी सुरू केल्यावर ती केबल चाचणी न केलेल्या केबलीपेक्षा लवकर जाते. चाचणीच इजा करत होती. त्यानंतर दहा सेकंदांत एक फेरा घेणारी, म्हणजे ०.१ हर्ट्झची एसी वापरायची पद्धत आली. जुन्या हातांना डीसीचा संच बाजूला ठेवणं जड गेलं. इतकी वर्षं तो खात्रीचा होता.

आता इन्सुलेशन आतून खाल्लं जाण्याचा हा प्रश्न आमच्या तालुक्याच्या शेतात उतरलाय. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत बांधावर सौर पॅनल दिसू लागले. पॅनलची वीज डीसी, मोटारीला हवी एसी, मधे कंट्रोलर. हा कंट्रोलर डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे करून मोटारीला देतो आणि मोटारीला ती एसी वाटते. पण तुकड्याची चढण फार उभी असते. कंट्रोलर वर पॅनलपाशी, मोटार बोअरमध्ये दोनशे-तीनशे फूट खाली, आणि मधे लांब केबल. उभ्या चढणीची लाट लांब केबलीच्या टोकाला आपटून परत फिरते तेव्हा मोटारीच्या टर्मिनलवर दाब दुपटीपर्यंत जाऊ शकतो. पाच-सहाशे व्होल्टचा तुकडा म्हणजे टोकाला हजार-बाराशे. तोही सगळ्या कॉइलवर सारखा पसरत नाही, पहिल्या काही वेटोळ्यांवर एकवटतो. दोन वेटोळ्यांच्या इनॅमलमध्ये हवेची फट असेल तर एवढ्या दाबाला पीडी सुरू होऊ शकते, आणि सेकंदाला हजारो तुकडे म्हणजे इनॅमल खायला वेळ लागत नाही. ज्या बोअरच्या मोटारी पाण्याने भरलेल्या असतात आणि ज्यांच्या तारेवर जाड पॉलिमरचं वेष्टण असतं त्यांना हा धोका कमी. ज्यांत साधी इनॅमलची तार आहे त्यांना जास्त.

उपायही आहेत. कंट्रोलरपाशी चोक किंवा फिल्टर बसवला की चढण उतरती होते. केबल गरजेपेक्षा लांब ठेवू नये, उरलेली गुंडाळी करून टाकीमागे लटकवू नये. रिवायंडिंगला दिलेल्या मोटारीला इन्व्हर्टरसाठीची तार मागावी, ती महाग असली तरी. आणि मोटार जळाल्यावर नुसती बदलून टाकू नये, उघडून कॉइलचं कुठलं वेटोळं गेलं ते बघावं. टर्मिनलकडचं पहिलं वेटोळं गेलं असेल तर दोष लाटेचा असण्याची शक्यता मोठी, सगळी कॉइल सारखी काळी पडली असेल तर मोटार बहुधा ओव्हरलोडने जळाली. ओळखीचे शेतकरी मोटार घेऊन आले की मी त्यांना कंट्रोलरचं मेक, केबलीची लांबी आणि जळालेल्या वेटोळ्याची जागा एका वहीत लिहून ठेवायला सांगतो.